माणसं कोरडी झाली का? : काकूंकडे आलेली तीन पत्रं

(नाशिकच्या सातपूर कॉलनीत अनेक वर्षं किराणा दुकान चालवलेल्या काकू या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्रलेखकांची नावं आम्ही छापत नाही.)

पत्र पहिलं

काकू, नमस्कार. मी इंदिरानगरात राहते, वय पंचेचाळीस. गेल्या महिन्यात सकाळी कामावर जाताना मुंबई नाक्याजवळ माझ्या मिस्टरांची गाडी घसरली. ते रस्त्यात पडलेले आणि शेजारून गाड्या वळसा घालून जात होत्या. एक जण थांबला, पण मोबाइलवर शूटिंग करायला. शेवटी एका रिक्षावाल्याने त्यांना दवाखान्यात नेलं. पाय प्लास्टरमध्ये आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा फ्लॅट आहेत, दोन घरं सोडली तर कुणी साधी चौकशी केली नाही. लिफ्टमध्ये भेटले तरी मोबाइलमध्ये डोकं. माझी आई सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात लोक अर्धी भाकरी मोडून शेजाऱ्याला द्यायचे. आता कोरोना होऊन गेला, महागाई आहे, नोकरीची शाश्वती नाही, आणि माणसं अशी कोरडी झालीत. वाईट दिवसांनी माणुसकी संपवली असं मला वाटायला लागलंय. तुम्हाला काय वाटतं?

काकूंचं उत्तर

ताई, प्लास्टर निघालं की डॉक्टर व्यायाम सांगतील, तो मिस्टरांकडून करून घ्या. पुरुष माणसं तिथे हमखास टंगळमंगळ करतात.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वळसा घालून गेलेले, शूटिंगवाला, लिफ्टमधले, सगळे त्यात सविस्तर आलेत. रिक्षावाल्याला मात्र एकच ओळ मिळालीय. सकाळची वेळ म्हणजे त्याच्या धंद्याची वेळ. भाडं सोडून तो थांबला, अनोळखी जखमी माणसाला सीटवर घेतलं, दवाखान्याच्या दारापर्यंत गेला. पैसे घेतले का त्याने? कुठल्या स्टँडवर उभा असतो? मला हे वाचायचं होतं आणि नेमकं तेच पत्रात नव्हतं. हा ठपका नाही हं. दुखावलेल्या माणसाला कोण आलं नाही हेच आधी आठवतं.

माझी भाची कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिला पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, मावशी, यावर कामं झालीत. अ‍ॅडम मास्ट्रोयानी आणि डॅनिएल गिल्बर्ट नावाच्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २०२३ साली ‘नेचर’मध्ये लेख लिहिला. त्यांनी जुनी सर्वेक्षणं गोळा केली. साठ तरी देशांतले लोक गेली सत्तर वर्षं हेच सांगत आलेत की पूर्वीची माणसं चांगली होती, आता बिघडली. पण रोजच्या वागण्याबद्दल विचारलं, म्हणजे तुमच्याशी लोक नीट वागतात का, तुम्ही कुणाला मदत केलीत का, तर उत्तरं वर्षानुवर्षं जवळपास तीच येतात. आणि स्वतःच्या ओळखीतल्या माणसांबद्दल विचारलं की ती बिघडली असं कुणी फारसं म्हणत नाही. बिघडलेले असतात ते नेहमी ‘लोक’.

कोरोनाचंही तिने सांगितलं. जागतिक आनंद अहवाल म्हणून एक निघतो. त्यात अनोळखी माणसाला मदत करणं, दान देणं आणि कुणासाठी फुकट राबणं या तीन गोष्टींचं प्रमाण २०२१ मध्ये कोरोनाआधीपेक्षा जगभरात सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास वाढलेलं दिसलं. मी दुकानदार बाई, आकडे कसे हवे तसे बसवता येतात हे मला कुणी शिकवायला नको. पण हा आकडा मला पटला, कारण त्या काळात मी गल्ल्यावर बसलेली होते.

आधी बहात्तरचं बोलते, कारण तुमच्या आईचं तुम्ही ऐकलंत आणि मी ते बघितलंय. सिन्नर तालुक्यातलं आमचं गाव. तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. सलग तीन वर्षं पावसाने दगा दिला होता. आईबरोबर मीही खडी फोडायला जायचे. सरकारने दुष्काळी कामं काढली होती, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. रेशनला परदेशी लाल मिलो, म्हणजे एक जातीची ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडकायची. कामावर पोरांना सुकडी नावाचा कोरडा खाऊ वाटत.

भाकरी मोडून द्यायचे, हे खरं आहे. माझ्या आईने दिलेली मी बघितली आणि आईला दुसरीने दिलेलीही बघितली. पण त्याच गावात माणसं कणगीवर गोधडी टाकून दाणे लपवत. कडब्याच्या चोऱ्या झाल्या. विहिरीच्या पाळीवरून सख्खे भाऊ कोर्टात गेले आणि त्यांची नातवंडं आजही एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. आणि खालच्या वस्तीतल्या बाया हंडा घेऊन विहिरीपासून लांब बसून राहत, वरच्या कुणीतरी पाणी वाढेपर्यंत. आमच्याच जिल्ह्यात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारासाठी बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला होता, त्यालाही तेव्हा चाळीसच्या वर वर्षं होऊन गेली होती. तरी विहिरीपाशी तीच गत. भाकरी मोडून द्यायची ती कुणाला, हे ठरलेलं होतं. ज्या बाया लांब बसत त्यांच्या लेकींना बहात्तर विचारा, त्या माणुसकीची गोष्ट वेगळी सांगतील. म्हणून जुन्या काळाची आरती मला ओवाळता येत नाही.

आता मुंबई नाका. तिथे सकाळी साडेनऊला उभं राहून बघा. प्रत्येकाच्या कपाळावर पंचिंगची वेळ लिहिलेली असते. यावरही भाचीने एक जुना प्रयोग सांगितला, अमेरिकेतला, १९७३ सालचा. धर्मोपदेशक व्हायला शिकणारे विद्यार्थी. त्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारात वाकून खोकत, कण्हत बसवलेला. ज्यांना ‘सावकाश जा’ सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ सांगितलं त्यांच्यातले फक्त १० टक्के. त्यातले काही जण तर रस्त्यात पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट सांगायलाच निघाले होते! ही मुलं काही दुष्ट नव्हती, त्यांच्या मागे कुणीतरी घड्याळ लावलं होतं, एवढंच.

दुसरी भीती पोलिसांची. ‘उचललं की आपणच अडकतो, साक्षीला खेपा घालतो’, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. हे आता खरं नाही आणि मासिकाने ते ठळक छापावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आलं, कलम १३४-अ. अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही आणि चांगल्या मनाने केलेल्या मदतीत काही कमीजास्त झालं तर त्याच्यावर खटला भरता येत नाही. उचलायची भीती वाटली तर १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत मागून येणारी वाहनं अडवून उभे राहा. त्याला काही धाडस लागत नाही.

राहिले तुमचे फ्लॅटवाले. खरं दुखणं तुमचं तिथे आहे आणि मला बोलायचंय तेही तिथेच.

आमचं दुकान सातपूर कॉलनीत. गिऱ्हाईक बहुतेक एमआयडीसीतलं. सात तारखेला नाहीतर दहा तारखेला पगार, त्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. मधले दिवस उधारीच्या वहीवर. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला नवी. एका वर्षी इथल्या एका कंपनीला टाळं लागलं. एकाच कंपनीतली कितीतरी घरं आमच्या वहीत होती. माझे मिस्टर तेव्हा होते. त्यांनी त्या सगळ्या पानांचे कोपरे दुमडले आणि मला सांगितलं, यांना बाकी विचारायची नाही. त्यांचा नियम साधा होता. पीठ, तांदूळ, डाळ, गोडेतेल, चहा-साखर, पोरांची वही-पेन्सिल, हे लिहायचं. बिडी-काडी आणि तंबाखू रोखीने. यावरून आमची भांडणं व्हायची, कारण तंबाखू तुटली की माणूस घरात किती चिडतो हे त्या घरच्या बाईला माहीत, यांना नाही.

बाया दिवेलागणीनंतर यायच्या, गर्दी ओसरल्यावर. ‘वहिनी, लिहून ठेवा’ एवढंच बोलायच्या. त्या काळातली एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, आता ती माणसंही राहिली नाहीत म्हणून सांगते. दुसऱ्या कंपनीत कामाला असलेला एक शेजारी पगाराच्या दिवशी यायचा, स्वतःची बाकी भागवायचा आणि वर पन्नासाची नोट ठेवून म्हणायचा, ‘कोपरा दुमडलेल्या कुठल्याही पानावर टाका. सांगू नका.’ तो एकटा नव्हता. मग त्या घरची बाई आली की हे म्हणायचे, ‘तुमच्या खात्यात आमचीच बेरीज चुकली होती, बाकी कमी निघाली.’ यांची बेरीज उभ्या जन्मात चुकलेली नव्हती. त्या बाईला ते ठाऊक असायचं. पण सगळे हिशेब चुकल्याचं मान्य करायचे आणि ती मान वर ठेवून घरी जायची.

ताई, त्या माणसांची मनं आपल्यापेक्षा मोठी होती असं मला म्हणायचं नाही. टाळं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लागलं होतं. कुणाच्या घरी पगार थांबलाय हे अख्ख्या कॉलनीला माहीत होतं, त्यात कुणाचा कमीपणा नव्हता. संकट एकदम सगळ्यांवर आलं की माणूस मागायला लाजत नाही आणि द्यायलाही अवघडत नाही. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला, पाणी दुतोंड्या मारुतीला गिळून पुढे गेलं, तेव्हा माझ्या नणंदेच्या दुकानातला माल भांडीबाजारातून वर काढायला कोण कोण आलं, तिला आजही सगळ्यांची नावं माहीत नाहीत. नोटाबंदीत, २०१६ च्या नोव्हेंबरात, माझ्या दुकानात उधारी मागायला असे लोक आले ज्यांनी जन्मात उधारी केली नव्हती, आणि हसत आले! सगळ्यांच्याच खिशातल्या नोटा बाद झाल्या होत्या ना.

आणि २०२० चा मे. मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून माणसं चालत येत होती, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, जायचं पार उत्तर प्रदेशात. नाशिकरोडहून १ मेच्या रात्री भोपाळला मजुरांची गाडी सुटली, पण सगळे काही गाडीपर्यंत पोचले नाहीत. आमच्या गल्लीतल्या बायांनी पोळ्या लाटल्या, मी पीठ आणि बटाटे दिले, पोरं मोटारसायकलवर पुड्या घेऊन हायवेला जायची. त्यातली सगळ्यात भराभर पोळ्या लाटणारी बाई त्याच महिन्यात समोरच्या इमारतीतल्या नर्सला जिन्यात पाय ठेवू देत नव्हती. ‘तू दवाखान्यातून येतेस, आमच्या घरात म्हातारं माणूस आहे.’ एकच बाई, तेच हात. हायवेवरच्या माणसाची तिला दया होती आणि जिन्यातल्या बाईची भीती. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये नाशिकच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, त्या दिवशी २२ माणसं गेली, तेव्हा हीच बाई ओळखपाळख नसलेल्यांसाठी ढसाढसा रडली. तिला कोरडी म्हणू की ओली? मी ते ठरवायचं सोडून दिलंय.

तुमच्या बिल्डिंगमध्ये आज काय चाललंय ते मी बाहेरून सांगते. सोळा फ्लॅटमधल्या कुणाचे तरी हप्ते थकलेत. कुणाला कंपनीने ‘उद्यापासून येऊ नका’ सांगितलंय आणि तो रोज डबा घेऊन बाहेर पडून दिवसभर कुठेतरी बसून येतोय. कुणाच्या आईची केमो चालू आहे. पण टाळं कुठे दिसत नाही, पूर दिसत नाही. प्रत्येकाचं संकट त्याच्या त्याच्या दारामागे आहे आणि बाहेर चपलांचा स्टँड नीटनेटका. मग ते तुमच्याबद्दल म्हणतात, यांनी कधी विचारलं का? आणि तुम्ही त्यांच्याबद्दल तेच म्हणता. वही होती तेव्हा कुणाची ओढाताण चाललीय हे न बोलता कळायचं. आता सामान मॉलमधून येतं, पैसे फोनवरून जातात, आणि घरातली ओढाताण बँकेच्या मेसेजशिवाय कुणाला कळत नाही. मीही गेली काही वर्षं दुकान मुलाच्या हवाली केलंय. त्याच्याकडे वही नाही, भिंतीवर क्यूआर कोड आहे. त्याची चूक नाही, उधारी बुडाली तर त्याला हप्ता कोण भरून देणार?

तरी खरी घट कुठे झाली असं विचाराल तर सांगते. लांबलेल्या ओढाताणीत माणसाचा घेर लहान होतो, हे मी बहात्तरच्या तिसऱ्या वर्षी बघितलं आणि आता परत बघतेय. पुरात धावून येणारा माणूस चौथ्या वर्षी चालू असलेल्या हप्त्यात धावून येत नाही. त्याचं स्वतःचंच भागत नसतं. त्याला निष्ठुर म्हणायला माझी जीभ वळत नाही, पण समोरच्याला फरक पडतो हे खरंच.

आता तुम्ही काय करायचं. खालच्या मजल्यावर जा आणि काहीतरी मागा. फार नको. ‘यांना खाली उन्हात बसवायचंय, तुमच्या मुलाला संध्याकाळी पाच मिनिटं पाठवाल का?’ इतकंच. चौकशीला ये असं माणसाला सांगता येत नाही, पण काम सांगता येतं. आणि काम सांगितलं की माणूस दारात उभा राहून दोन गोष्टी बोलतोच. त्यात त्याचंही काही बाहेर येईल, तयारी ठेवा. आणि मुंबई नाक्यावर जाऊन त्या रिक्षावाल्याला शोधा. त्या स्टँडवर विचारलंत तर अर्ध्या तासात पत्ता लागेल. केंद्र सरकारने २०२५ मध्ये राह-वीर नावाची योजना आणली. गंभीर अपघातातल्या माणसाला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्याला त्यात २५ हजार रुपये बक्षीस ठेवलं. ती अजून चालू आहे का आणि तुमचा अपघात त्यात बसतो की नाही हे पोलिस ठाण्यात विचारा. बसत नसेल तर पेढे न्या.

पत्र दुसरं

काकू, मी अंबडला एका कंपनीत ठेकेदाराकडे काम करत होतो. ऑर्डर कमी झाली म्हणून आम्हाला काढलं. शेवटचा पगारही अडकलाय. घरी सांगितलं नाही. चुलतभावाकडे तीस हजार मागितले, तो ‘बघतो’ म्हणाला आणि नंतर फोन उचलेना. मग मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून कर्ज घेतलं. आता ते लोक रात्री-अपरात्री फोन करतात, माझ्या कॉन्टॅक्टमधल्यांना मेसेज टाकतात. भावाने त्या वेळी दिले असते तर ही वेळ आली नसती. त्याच्याशी संबंध तोडावेत असं वाटतंय. वय २६.

काकूंचं उत्तर

अरे दादा, आधी अ‍ॅपचं बघ, भावाचं नंतर.

कर्ज घेतलंस म्हणून तुला धमकवायचा हक्क कुणाला मिळत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. तुझ्या नातेवाइकांना, मित्रांना मेसेज टाकून बदनामी करणं तर अजिबात चालत नाही. सगळे मेसेज, कॉलची यादी, स्क्रीनशॉट जपून ठेव. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर आणि पोलिसांच्या सायबर शाखेत लेखी तक्रार दे. एक अ‍ॅप फेडायला दुसऱ्या अ‍ॅपवर जाऊ नकोस. आमच्या काळी सावकार निदान घर बघून कर्ज द्यायचा.

पगाराचं. ठेकेदाराने बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवरही येते. हजेरीचं कार्ड, गेटपास, बँकेत आधी जमा झालेल्या पगाराच्या नोंदी घेऊन कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जा. एकटा नको, बरोबरच्या चार पोरांना घेऊन जा. पीएफ कापत होते ना? नोकरी गेल्यावर त्यातला मोठा भाग काढता येतो, पीएफ खात्याचा यूएएन नंबर शोधून ठेव.

आणि घरी सांग. आज रात्रीच सांग. तुझ्या आईला कळलेलं असणार, डब्यातली पोळी परत येते तेव्हाच बाईला कळतं.

आता भाऊ. तू त्याच्याकडे तीस हजार मागितलेस. त्याच्या डोक्यावर किती हप्ते आहेत तुला ठाऊक आहे का? फोन उचलला नाही हे वाईटच केलं त्याने, ‘जमत नाही’ म्हणायला हवं होतं. पण पुष्कळ माणसं नाही म्हणायच्या लाजेने फोन उचलत नाहीत. दुकानात मी हे शेकड्यांनी बघितलंय. थकबाकीदार समोरून येताना दिसला की रस्ता बदलायचा, आणि ज्याच्याकडे उसने मागायला येतात तोही अगदी तसाच रस्ता बदलायचा. एकाकडे तीस हजार मागण्यापेक्षा सहा जणांकडे पाच-पाच माग, आणि प्रत्येकाला तारीख सांगून माग. पाच हजार बुडाले तरी नातं टिकतं, हे देणाऱ्याला माहीत असतं म्हणून तो देतो. भावाला पैशाचं विचारू नको. त्याच्या कंपनीत जागा आहे का ते विचार. त्यावर त्याने फोन नाही उचलला, तर तेव्हा मला परत पत्र लिही.

पत्र तिसरं

काकू, आमचं पंचवटीत मंडळ आहे. थंडीत गोदाघाटावर उघड्यावर झोपणाऱ्यांना आम्ही ब्लँकेट वाटतो. वर्गणीदारांना हिशेब दाखवायला फोटो काढावे लागतात, ग्रुपवर टाकतो. गेल्या वर्षी एका म्हातारीने फोटो काढताना तोंड फिरवलं आणि ब्लँकेट परत दिलं. आमच्यातले काही म्हणतात, एवढा माज असेल तर देऊच नये. काय करावं?

काकूंचं उत्तर

त्या आजीने बरोबर केलं.

हिशेब दाखवायचाच आहे ना? मग ब्लँकेटच्या गठ्ठ्याचा फोटो टाका, दुकानाच्या बिलाचा टाका, तुमच्या पोरांनी गठ्ठे उचललेत त्याचा टाका. वर्गणीदाराला पैसा कुठे गेला हे बघायचं असतं. म्हातारीचं तोंड बघून त्याला काय कळणार? आणि जो वर्गणीदार घेणाऱ्याचा चेहरा दिसल्याशिवाय पैसे देणार नाही म्हणतो, त्याची वर्गणी नम्रपणे परत करा. एवढं जमलं तर मंडळाला माझ्याकडून दहा ब्लँकेट.

वाटायची वेळ बदला. संध्याकाळी आरतीला गर्दी असते, तेव्हा नको. रात्री दहानंतर दोघं-तिघंच जा, बॅनर न घेता. झोपलेल्याला उठवू नका, अंगावर टाका आणि पुढे व्हा. कुणी जागं असेल तर आधी विचारा, काय हवंय. कुणाला ब्लँकेट नको असतं, पायमोजे हवे असतात, कुणाला गुडघ्याला लावायचं औषध. ब्लँकेट पातळ घेऊ नका. नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली थंडी, त्यात नदीकाठ, मेनरोडला सेलमध्ये मिळतं त्या झिरझिरीत कापडाने भागत नाही. संख्या कमी झाली तरी चालेल, वजनदार घ्या.

त्या आजी कुठे बसतात ते पोरांना आठवत असेल. यंदा आधी तिकडे जा, फोन खिशात ठेवून. आमच्या दुकानाचा पत्ता मासिकाकडे देऊन ठेवते, माझी दहा ब्लँकेट तिथून घेऊन जा.